चिलटाएवढा आवाज

सोमेश्वरने लांब दांड्याचा पेचकस संगणकाच्या पत्र्यावर टेकवला, त्याची मूठ डाव्या कानामागच्या हाडाशी धरली आणि डोळे मिटले. मोटारीच्या बेअरिंगची नाडी तो अशीच बघत असे. दांड्यातून घरघर हाडात उतरली. एक पंख्याची, आणि तिच्याखाली दुसरी, दाणे न घालता फिरवलेल्या जात्यासारखी.

"दोन हायत," तो डोळे न उघडताच म्हणाला. "एक पंख्याची, एक आत फिरणाऱ्या तबकडीची. दोन्ही काढाव्या लागतेल."

वनमाला त्याच्या डाव्या अंगाला उभी होती. "पंखा काढल्यावर चालंल व्हय ते?"

"चालवायचं."

"आन् न्हाई चाललं तर?"

"तर मग तुझ्या आप्पाच्या मेंढ्या हायतच की. राखाय जाऊ दोघं."

ती हसली, पण पदराचं टोक तिच्या बोटाभोवती फिरतच राहिलं.

युसूफ वडगावच्या बाजारपेठेत, रस्त्याच्या कडेला त्यांचं घर. पुढे ओसरीत सोमेश्वरचं दुकान, विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी तारेचे नवे वेढे घालून पुन्हा भरून द्यायचं. मागे दोन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीत वनमाला गोष्टी सांगायची. तिचे वडील आप्पाराव यांनी उभी हयात मेंढरांमागे काढली. रानात, चुलीच्या उजेडात, त्यांनी लेकीला ज्या गोष्टी सांगितल्या त्या तिने जपल्या होत्या, जशा बाया सणाचं लुगडं जपतात. मोबाईलवर तिने सांगितलेली एक गोष्ट कुठून कुठून फिरत पुण्याला पोचली. तिथल्या एका संस्थेला मुलांसाठी ऐकायच्या बारा गोष्टी हव्या होत्या, आणि त्याही अशाच, रानातल्या भाषेत. नमुना पाठवा, म्हणाले. सोमेश्वरने माईक आणला, कुणीतरी टाकून दिलेला संगणक दुरुस्त करून टेबलावर मांडला. नमुना गेला आणि परत आला. दुसरा गेला, तोही परत आला. दोन्ही वेळा निरोप एकच: गोष्ट छान, मागे घरघर आहे.

संगणक बाहेरच्या खोलीत ठेवून पाहिला. मग सुरू करायला, थांबवायला दर वेळी उठावं लागे आणि गोष्टीचा धागा तुटे. आता शेवटचा नमुना. परळीची महाशिवरात्रीची जत्रा उरकली की दुसऱ्या कुणाला तरी सांगू, असं संस्थेच्या रोहिणीताई स्पष्ट म्हणाल्या होत्या.

"माझी माय दळायची तवा जातं किती घरघरायचं," वनमाला म्हणाली. "तरी ओवी गोड लागायची. ह्या डब्याची घरघर मेली कुणालाच गोड लागंना."

"जातं पीठ तरी द्यायचं," सोमेश्वर म्हणाला आणि पेचकसाने पत्र्याचा पहिला स्क्रू फिरवला.

केजला बंकटचं संगणकांचं दुकान होतं. बंकट सोमेश्वरचा शाळूसोबती. दुकानात गिऱ्हाईक असो वा नसो, तो मोठ्यानेच बोलायचा, आणि म्हणून सोमेश्वरला त्याच्याकडे बसायला आवडायचं.

"बिनपंख्याचं?" बंकट ओरडला. "सोम्या, येडा झाला का बे? डोकं तापतंय त्याचं. पंखा न्हाई म्हणल्यावर जळून खाक हुईल."

"कमी तापणारं डोकं दे."

"ते हाय. पण त्याला बी वारा लागतोच की."

"वारा लागत न्हाई, बंकट. गर्मी जायला वाट लागती. वारा ही एक वाट झाली."

बंकटने त्याच्याकडे पाहिलं, मग फळीवरचं एक खोकं काढून पुढ्यात ठेवलं. "फिरती तबकडी बी काढ मग. ही घे. हिच्यात कायच फिरत न्हाई, चिडीचूप. आन् वहिनीला सांग, पयली गोष्ट माझ्यावर कर म्हणावं. एक व्हता राजा, त्याला दोस्तानं लुटला."

सोमेश्वरच्या दुकानाच्या माळ्यावर एक मेलेलं वेल्डिंग मशीन पडून होतं. त्याच्या पोटातून त्याने ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला. जाड पाठीचा आणि वर नांगरटीच्या तासांसारख्या उभ्या पट्ट्या असलेला. कानशीने त्याची पाठ घासून त्याने आरशासारखी केली आणि संगणकाच्या डोक्यावर ती नेमकी बसवली, मध्ये मलमासारखा थर देऊन. गर्मी पाठीतून पट्ट्यांत चढेल आणि पट्ट्यांतून आपली आपण हवेत जाईल. सुरू-बंद करायला त्याने शिलाई मशीनचं पायडल जोडलं. वनमालाने पाय दाबला की गोष्ट सुरू, पुन्हा दाबला की थांबली. पायडलाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे तेही वाजू नये. सगळ्याला बाहेरून सागवानी पेटी.

काम करताना तो कमी बोलायचा. तसा एरवीही कमीच. कुणी काही म्हटलं तर "हं" म्हणायचा. दहातल्या नऊ वेळा ते जमून जायचं. गावात म्हणत, सोमेश्वर तंद्रीत असतो, तारेचे वेढे मोजणारा माणूस, असायचाच. आणि वेढे मोजण्यात तो पक्काही होता. घरावर वीज पडली तरी त्याचा वेढा चुकायचा नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. मिसरूड फुटायच्या वयात त्याने एका खडी क्रशरवर काम केलं होतं. दगड फुटताना उजव्या कानातलं काहीतरी दगडासोबतच फुटत गेलं. डाव्यात जाड, बसके आवाज येत. बारीक आवाज मात्र वाटेतच विरून जात. पाखरांचा, शिट्टीचा, चिमण्या पोरांचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. लग्नात तिने उखाणा घेतला तेव्हा सगळा मांडव हसला होता, आणि तोही हसला होता, ओठांची हालचाल बघून.

पेटी तयार झाली आणि इथे त्याच्याकडून एक चूक झाली.

पेटीला आतून अस्तर हवं, म्हणजे उरलासुरला आवाज तिथेच मुरेल, असं त्याच्या मनात आलं. घरात सासऱ्याने लग्नात दिलेली काळी घोंगडी होती. घोंगडी उन्हात गार ठेवते आणि थंडीत ऊब देते, हे लहानपणापासून ऐकलेलं. आप्पाराव तर भर वैशाखात ती अंगावर घेऊन माळावर बसत. सोमेश्वरने वनमालाला विचारून घोंगडीच्या कडेचा पट्टा काढला, पेटीला आतून सगळीकडून लावला, टाचण्या मारल्या. यंत्र सुरू केलं. खोली शांत झाली. वनमालाने पायडल दाबलं, माईकसमोर तोंड नेलं.

"एक व्हतं कोकरू," ती म्हणाली. "त्याला साऱ्या कळपाच्या घंटा वळखू यायच्या…"

कोकरू ओढ्यापर्यंतही पोचलं नाही. पडदा काळा झाला. सोमेश्वरने पेटीचं झाकण उचललं तर आतून भाकरीच्या तव्यासारखी झळ आली, आणि खोलीत ओल्या मेंढीचा वास पसरला.

नेमके त्याच दुपारी आप्पाराव आले. खांद्यावर काठी, हातात लेकीसाठी खरवसाची बरणी. त्यांनी वाकून पेटीत पाहिलं, आपल्या घोंगडीचा पट्टा ओळखला आणि जावयाकडे बघितलं.

"जावईबापू, ह्येला कावून पांघरलं? आजारी हाय का?"

"तुमीच म्हणता न्हवं आप्पा, घोंगडी उन्हात गार ऱ्हाती."

"गार ऱ्हाती की. भाईरचं ऊन आत येऊ देत न्हाई ती." आप्पारावांनी काठी भिंतीला टेकवली. "पण ह्याचं ऊन तर आतच हाय. आतलं बी ती भाईर जाऊ देत न्हाई. ती दोन्हीकडून इमानी हाय."

वनमाला तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि तिच्या खांद्यांचं हलणं बघून सोमेश्वरही हसला. पट्टा निघाला. पेटीच्या वरच्या अंगाला आणि तळाला त्याने ओळीने भोकं पाडली. खालून गार हवा आत यावी, वरून तापलेली जावी. उरलेली घोंगडी वनमालाने आपल्या पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगली. तिच्यापुढे बसून बोलली तर शब्द भिंतीवर आपटून परत येईनात. घोंगडीला तिचं खरं काम मिळालं.

जाताना आप्पाराव उंबऱ्यात थांबले. लेक आत त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पिशवी भरत होती.

"आवाज लई बदलला पोरीचा," ते हळूच म्हणाले. "मेंढ्यांमागं व्हती तवा हिची हाळी ह्या माळावरून त्या माळावर जायची. पाखरावाणी बारीक. आता बघा की, घागरीत बोलल्यावाणी बोलती."

"हं," सोमेश्वर म्हणाला. "हाळी" आणि "घागर" एवढंच त्याच्यापर्यंत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून यंत्र चालू होतं. तापलं नाही, बंद पडलं नाही. सोमेश्वरने पेचकस लाकडावर टेकवला, मूठ कानामागे धरली. काहीच नाही. इतकं काहीच नाही की आपण हाडच चुकलो की काय म्हणून त्याने जागा बदलून पाहिलं. मोटारीच्या धंद्यात असलेल्या माणसाने चालत्या यंत्राला हात लावावा आणि त्याला काहीही कळू नये, असं त्याच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

"ये," त्याने हाक मारली. "ये लवकर!"

वनमाला पिठाचे हात पुसत आली. हेडफोन कानाला लावला, पायडल दाबलं आणि गप्प बसली. रिकामी खोली आधी ऐकून बघायची, ही रोहिणीताईंनी सांगितलेली रीत. सोमेश्वर तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तिच्या भुवया किंचित जवळ आल्या. मग लगेच दूर गेल्या.

"कसंय?"

"लई झाक." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "कायच न्हाई. पाठवू आजच."

ती उठू लागली. सोमेश्वर हलला नाही. त्याची नजर पडद्यावर होती. तिथे शांततेची रेघ आखली गेली होती. रेघ सरळ हवी होती, ताणलेल्या दोऱ्यासारखी. तिच्यावर मात्र बारीक लव होती, मिसरूड फुटू लागलेल्या पोराच्या ओठावर असते तशी.

"वनमाला."

"चुलीवर दूध हाय माझं."

"दूध उतू जाऊ दे. खरं सांग."

ती दारात थांबली. मागे वळली ती त्याच्या डाव्या अंगाने. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाय बारीकसं," ती म्हणाली. "चिलटावाणी. आसं कानापाशी फिरतं आन् बसत न्हाई."

"मग न्हाई का म्हणलीस?"

टेबलावरची हेडफोनची वायर ती सरळ करत राहिली, ती आधीच सरळ असूनही.

सोमेश्वरने पेटीवर हात ठेवला. जो आवाज मारायचा आहे तो आपल्याला दिसतो आहे, पण ऐकू येत नाही. पेचकसालाही तो सापडला नाही. आता पुढे जायचं तर एकच वाट होती, आणि ती त्याने इतकी वर्षं बुजवून ठेवली होती. त्याने घसा खाकरला.

"मला यायला न्हाई ऐकू," तो म्हणाला. "ह्येच न्हाई. बारीक कायच येत न्हाई. क्रशरपासून."

वाक्य खोलीत पडलं. घोंगडीने त्याचा पडसाद उठू दिला नाही. वनमालाच्या तोंडावर काय उमटतं ते बघायला त्याने मान वर केली. तिथे नवल नव्हतं. दुःखही नव्हतं. तिने बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांवर रुमाल बांधला, जसा ती गोष्ट सांगायच्या आधी बांधायची, खुर्ची ओढली आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.

"तुमी आत एकेक दाबून बघा," ती म्हणाली. "मी सांगते."

त्याने झाकण काढलं. वीज वाटून देणाऱ्या पट्टीवर तांब्याच्या तारेच्या छोट्या छोट्या कॉइल उभ्या होत्या. त्या बघताच त्याला हसू आलं. बोटाच्या पेराएवढ्या, पण वेढे तेच, तार तीच. उभा जन्म ज्यांच्यात गेला तीच ही मंडळी, बाळरूपात. कुठल्यातरी कॉइलचा वेढा सैल असणार आणि वीज धावली की तो थरथरत असणार. मोठ्या मोटारीत असं झालं की ती घुमते. ही एवढीशी, म्हणून चिलटासारखी गाते.

झाडूची एक कोरडी काडी त्याने घेतली.

वनमालाने तर्जनी वर धरली. आवाज आहे तोवर बोट वर. त्याने काडीने पहिली कॉइल दाबली. बोट वरच. दुसरी दाबली. बोट वरच. तो काडीकडे बघत नव्हता, बोटाकडे बघत होता. त्या बोटावर कालच्या हळदीचा पिवळा डाग होता. पुढची दाबली तेव्हा बोट थरथरलं, अर्धं खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"अजून," ती कुजबुजली. त्याने ओठ वाचले.

काडी त्याने जरा कलती धरली आणि नेट दिला.

बोट खाली आलं. नुसतं बोट नाही, सगळा हातच मांडीवर उतरला आणि वनमालाने डोळे मिटले.

काडी उचलली, बोट वर. दाबली, खाली. पुन्हा उचलली, वर. पुन्हा दाबली, खाली. मग ते कामासाठी उरलंच नाही, दोघं नुसतीच खेळत राहिली, आणि आत चुलीवर दूध खरंच उतू गेलं.

पुढचं काम सोमेश्वरच्या हातातलं होतं. मोटार भरली की वेढे हलू नयेत म्हणून तो त्यांना वार्निश पाजायचा. तेच वार्निश त्याने काडीच्या टोकाने थेंबाथेंबाने त्या कॉइलला पाजलं, बाळाला गुटी द्यावी तसं. वाळवायला ऊन हवं. गच्चीवर बाजेवर वनमालाच्या कुरडया होत्या. त्यांच्या कडेला, पांढऱ्या फडक्यावर, संगणकाची हिरवी पट्टी वाळत पडली. वनमाला काठी घेऊन चिमण्या हाकत बसली.

"कुरडईला टोच मारली तर चालंल," ती चिमण्यांना म्हणाली. "त्या हिरव्या कुरडईला न्हाई हं, सांगून ठेवते."

तिसऱ्या दिवशी पट्टी परत पेटीत बसली. वनमालाने पायडल दाबलं आणि ऐकलं. तिने बोट वर केलंच नाही. सोमेश्वरने पडदा पाहिला: रेघ नांगरल्या शेताच्या पल्याडच्या क्षितिजासारखी सरळ पडली होती.

"काय येतंय ऐकू?" त्याने विचारलं.

"गोठ्यात शेळी रवंथ करती ते." ती हसली. "आन् तुमचा श्वास. लई जोरात घेताव. दम धरा जरा."

तो श्वास धरून उभा राहिला, आणि ती बोलायला लागली. कोकरू ओढ्यापर्यंत गेलं, ओढा ओलांडून गेलं, रात्र झाली, आणि कळपातल्या घंटांपैकी आईची घंटा ओळखत ओळखत ते परत आलं. शेवटी, आप्पाराव म्हणायचे तशी, तिने ओवी घातली:

*सरली माझी गोष्ट, कोकरू गेलं आईपाशी*
*ऱ्हायली हाळी माझी, ऐकणाऱ्याच्या कानापाशी*

पायडल दाबलं. गोष्ट थांबली. सोमेश्वरने हात वर करून दोन्ही मुठी आवळल्या, जसा कुस्ती जिंकलेला पैलवान करतो, आणि बाहेर दुकानात मोटार घेऊन आलेल्या माणसाला पाणी विचारायचं सोडून पेढा विचारला.

परळीची जत्रा उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. सोमेश्वर ओसरीत बसून एका मोटारीचे वेढे घालत होता. वनमाला त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून तिने तो दोघांच्या मध्ये ठेवला.

"वनमालाताई, रोहिणी बोलतेय. मागे काहीसुद्धा नाही हो! कुठल्या स्टुडिओत गेला होतात?"

"कुठं न्हाई ताई. मालकांनी घरीच यंत्र बनवलं."

"मग त्यांना सांगा, आमच्या इथलं यंत्रसुद्धा एवढं गप्प बसत नाही. गोष्टी नक्की झाल्या. बाराच्या बारा तुमच्याच." सोमेश्वरने वेढा मोजत मोजत मिशीतून हसून घेतलं. "आणि खरं सांगू का? घरघर गेली आणि तेव्हा कुठे तुमचा आवाज ऐकू आला. आमच्याकडे येतात ते सगळे आवाज वर चढतात. तुमचा खाली बसतो. सावकाश, जड, एकेक शब्द समोरच्याच्या तळहातावर ठेवल्यासारखा. पोरांना झोपताना असाच आवाज लागतो. ही काही जन्मजात गोष्ट नाही, मला कळतं त्यातलं. कुठे शिकलात?"

ओसरीच्या कडेला पडलेला तारेचा एक बारीक तुकडा वनमालाने उचलला, बोटाला गुंडाळला.

"शिकाय कुठं जाणार ताई," ती म्हणाली. सावकाश, जड. "घरातच जमत गेलं. ऐकणारं माणूस चांगलं मिळालं."

फोन बंद झाला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्यामागे धूळ गेली. वनमाला आत चहा टाकायला उठली.

सोमेश्वरचा हात तारेवर थांबला होता. आप्पारावांच्या तोंडची ती हाळी आणि ती घागर त्याला आत्ता कुठे जुळली होती. कितवा वेढा होता ते त्याला आठवेना. त्याने तार हळूहळू उलगडली, सगळीच्या सगळी, आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा सुरुवात केली.